हरणीचा ढेकर

वाटूरात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे झुंबरबाईला भांडं उतरायच्या आधी कळायचं. पण दोन हजार नऊ साली एक गोष्ट काही केल्या तिला उमगेना. म्हशीच्या तोंडातून वायू निघतो, तर तो दिसत का न्हाई?

गावातलं दूध जालन्याच्या एका मोठ्या खाद्य कंपनीला जायचं. कंपनीनं ठरवलं, आपल्यापायी हवेत जाणारा वायू दहा वर्षांत निम्म्यावर आणायचा. त्यात कारखान्याची चिमणी आली, दुधाच्या टेम्पोचं डिझेल आलं आणि झुंबरबाईची म्हैस हरणीही आली. कंपनीची बेबीनंदा नावाची पोरगी घरोघर विचारत फिरली, म्हैस खाती काय, दूध देती किती.

"चिमणी सोडून माझ्या हरणीवर कशाला उठले गं?"

"मावशी, रवंथ करताना ती ढेकर देती. त्यातल्या वायूनं जग तापतं."

"हरणीच्या ढेकरानं? तरीच औंदा एवढं ऊन!"

त्या दिवसापासून झुंबरबाई हरणीच्या तोंडासमोर पाट टाकून बसायला लागली. एकदा तर पेटती काडी धरून बघितली. हरणीनं फुर्र करून विझवली.

"माझ्यासमोर कधी इतकी बसली न्हाई," नवरा रखमाजी कुरकुरला.

"तुमच्या ढेकराची चौकशी करायला कोण आलं होतं?"

महिनाभरानं दूध केंद्रावर हिशेब कळला. एका लिटर दुधामागं कोणती म्हैस किती वायू सोडते, असा तो हिशेब. त्यात हरणी गावात सगळ्यात वाईट निघाली. खाणं बख्खळ, दूध चुळूकभर! केंद्र सांभाळणारा कारभारी म्हणाला, "काकू, मंठ्याच्या बाजारात काढा तिला. न्हाई तर कंपनी तुमचं दूध बंद करील."

झुंबरबाईचा चेहरा उतरला. बाया मात्र पदरात हसू दाबत होत्या. दुभत्या जनावराचं दूध खरं सांगितलं की दृष्ट लागते, ही गावाची समजूत. बाकीच्या बायांनी थोडंथोडं लपवलं होतं. झुंबरबाईनं अख्खी सांज गिळली होती! संध्याकाळचं दूध जायचं फाट्यावरच्या हॉटेलात, आणि ही बेबीनंदाला म्हणाली होती, "सांजचं दूध तिची वगार पिऊन टाकती."

आता खरं बोलावं तर दृष्ट, न बोलावं तर हरणी बाजारात. तिनं बेबीनंदाचं मनगट धरलं.

"चल गोठ्यात. डोळ्यानं बघ, मला बोलायला लावू नको."

सांजच्या धारेला बादली फेसानं वर आली. बेबीनंदाच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, एवढं दूध!"

"मेले गं! तोंड आवर!" झुंबरबाई पळत घरात गेली, मीठ-मिरच्या आणल्या, हरणीवरून उतरवल्या, मग बेबीनंदावरूनही उतरवल्या आणि गोठ्याबाहेर डासांसाठी पेटवलेल्या जाळात टाकल्या. असा ठसका उठला की अख्खी गल्ली खोकत बाहेर आली. रखमाजीला शिंका आवरेनात.

बेबीनंदानं डोळे पुसत हिशेब नवा केला. हरणी बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसली, मंठ्याचा बाजार टळला.

झुंबरबाईनं हरणीच्या पाठीवर हात फिरवला. समाधान झालं होतं, पण नाकाची खाज काही गेली नव्हती. धुराकडं बोट करून तिनं विचारलं, "अगं बेबी, आता हा धूर कोणाच्या नावावर? माझ्या का कंपनीच्या?"