वरच्या मजल्याचं छत

किल्लारीच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं तेव्हा बबिता सहावीत होती. वडील जागीच गेले. थोरल्या भावानं, गुरुलिंगनं, दगडमाती उपसून तिला बाहेर ओढलं. पुढचे उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आई नागम्मा पत्र्यावर ओली पोती टाकायची, तरी आत भट्टीच.

बबिता इंजिनिअर झाली, लातुरात इमारतींचे नकाशे करू लागली. क्लासेसमुळं गल्लोगल्ली वसतिगृहं उठत होती. गुरुलिंगनंही शेत विकून वसतिगृहाचे चार मजले चढवले. नकाशा बहिणीचाच. नव्या बांधकामांना ऊर्जा-बचतीचे नियम आले होते आणि तिनं ते मनापासून पाळले होते: छतावर ऊन अडवणारा थर, खिडक्यांवर रुंद सज्जे, खोल्यांतून आरपार वारा.

काम संपल्यावर ती वर गेली. छतावर थर नाहीच. सज्जे नाहीत. एकेका खोलीच्या दोन केलेल्या, आतल्या खोलीला खिडकीच नाही.

"दादा, हे काय केलंस?"

"पोरं अभ्यासाला येत्यात, हवा खायला न्हाई. काम नकाशापरमाणं झालं म्हणून तू सही कर."

"न्हाई करणार."

नागम्मा मध्ये पडली. "त्यानं ढिगाऱ्यातनं काढलं म्हणून तू हायस. एवढं बी करीनास का?"

बबितानं सही केली नाही. गुरुलिंगनं दुसरा इंजिनिअर गाठला. तिनं तक्रारही केली नाही, भाऊ होता.

एप्रिलअखेर कंधारहून शिकायला आलेली श्रद्धा चौथ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत अभ्यास करता करता कोसळली. उष्माघात. जीव वाचला, डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा हुकली.

बबिता दवाखान्यात गेली, इमारतीचा नकाशा आपला होता हे तिनं सांगितलं. श्रद्धाचे वडील माधवराव शिक्षक होते. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग आम्हाला एका शब्दानं सांगायचं होतं, बाई."

दुसऱ्याच दिवशी बबितानं महापालिकेत लेखी तक्रार दिली. वरचा मजला बंद झाला. गुरुलिंगनं छताला पांढरा रंग फासला, थर घातला म्हणून सांगितलं, आणि पावसाळ्यात खोल्या पुन्हा भरल्या. गुरुलिंगच्या मुलाच्या लग्नाचं आवतण नागम्मानं सगळ्या भावकीला धाडलं, लेकीला नाही.

पुढच्या वर्षी अहमदपूरचे रामकिशन मुलीची ट्रंक खांद्यावर घेऊन, गुरुलिंगच्या वसतिगृहाचा पत्ता विचारत बबिताच्या ऑफिसात शिरले. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, श्रद्धाचं सगळं सांगितलं.



"खरं असल, ताई. पर क्लासजवळ दुसरीकडं जागाच न्हाई," ते म्हणाले, आणि ट्रंक उचलून निघाले.