पिल्लूमामाला कुणी थांबवत नाही

पिल्लूमामा अंडी उबवायच्या कारखान्यात कामाला होता. ऐकून हसू येतं खरं, पण काम भारी जोखमीचं. भिंतीएवढी कपाटं, आत ट्रेवर ट्रे, ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली अंडी. आत ऊब हवी, दमटपणा हवा, आणि दोन्ही बेतानं. जरा इकडचं तिकडे झालं की सगळा घाणा बाद. बहिणीची पोरं त्याला पिल्लूमामा म्हणायला लागली, त्यांचं ऐकून बहीण, मग शेजारी, आणि शेवटी कारखान्याचा वॉचमनसुद्धा. खरं नाव आता त्याचं त्यालाच आठवून सांगावं लागायचं.

अंडी थोडी उबली की अंधाऱ्या खोलीत नेऊन एकेक दिव्यासमोर धरायची. आत शिरा दिसल्या, काही हललं, तर ठेवायचं. आरपार मोकळं दिसलं की बाजूला काढायचं. हे काम त्यानं इतकी वर्षं केलं की माणसंही तशीच बघायची त्याला खोड लागली. कुणी साधं "काय, बरं आहे ना?" म्हटलं तरी हा डोळे बारीक करणार. का विचारलं? आजच का विचारलं? डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार, आणि दुसऱ्यानंही त्याच गोळ्या दिल्या तर म्हणणार, हे दोघे मिळालेले आहेत. बायको कपाळाला हात लावायची. म्हणायची, "अहो, देवानं डोळे सगळ्यांनाच दिलेत, तुमच्यात टॉर्च कुणी बसवला?"

अशा माणसाच्या डोक्यात किडा शिरला तर तो बाहेर कुठला यायला! आणि किडा शिरला तोही सणाच्या जेवणाचा.

सणाला सगळी मंडळी ताईच्या घरी जमायची. ताई म्हणजे पिल्लूमामाची थोरली बहीण. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात माणसं दाटीवाटीनं. जेवणं व्हायची, गप्पांना सुरुवात व्हायची, आणि नेमका तेव्हाच पिल्लूमामा उठायचा. कारखान्याला सुट्टी असली तरी अंड्यांना कोण सांगणार? कुणाला तरी जावंच लागायचं, आणि कुणाला तरी म्हणजे पिल्लूमामालाच. सुरुवातीला ताई त्याचा दंड धरायची. "बस रे धाकट्या, इतक्यात कुठं चाललास?" तो हात सोडवून घ्यायचा, चिडायचा, पण जिना उतरताना त्याला बरं वाटायचं. पुढं कधीतरी ताईनं दंड धरायचं सोडलं. नेमकं कधी, ते त्याच्याही लक्षात आलं नाही. आता ती म्हणायची, "बरं, ये मग." तेही कसं, पटकन. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

मागच्या सणाला तो असाच निघाला. पहिल्या मजल्यावर पोचतो न पोचतो तोच वरून हशा आला. साधासुधा नाही, छप्पर उडवणारा. आणि त्यात त्याच्या बायकोचं हसणं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती घरी अशी कधी हसली नव्हती. घरी हसायची ती तोंडावर हात धरून.

पाल चुकचुकली ती तिथंच. मी असताना कोपऱ्यात गप्प बसणारी माणसं मी गेलो की मोकळी होतात. म्हणजे मी जायची वाट बघतात की काय? माझीच माणसं? वर्षभर हा प्रश्न त्यानं उशीखाली घेऊन काढला. भाकरतुकडा गोड लागेना. बरं, विचारावं तर विचारणार कुणाला? बायको म्हणाली असती, "झालं तुमचं सुरू!"

आणखी एक गोष्ट होती, तीही आता त्याला टोचायला लागली. दर सणाला बायको संध्याकाळी ताईकडून परत येताना कारखान्यावरून यायची आणि त्याला डबा द्यायची. म्हणायची, "उरलं होतं, आणलं." उरलेलं! म्हणजे सगळ्यांची पोटं भरल्यावर जे तळाशी राहिलं ते धाकट्याला. तो तोंड वाकडं करून खायचा. खायचा मात्र सगळं.

यंदा त्यानं ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. आपण त्यांना हवे आहोत की नको, एकदाचं कळू दे. कारखान्यात त्याच्याबरोबर एकजण होता, त्याला सगळे जाड्या म्हणायचे. पिल्लूमामानं त्याला गाठलं. "उद्या दुपारी तू सांभाळशील? मला घरी थांबायचंय." जाड्या ट्रे पुसत होता, तो पुसायचाच थांबला. पिल्लूमामा आणि सुट्टी! "कुणी आजारी आहे का?" म्हणाला. "कुणी नाही." "मग?" "सण आहे ना, म्हणून." जाड्याचा काडीचा विश्वास बसला नाही, पण तो हो म्हणाला.

म्हणजे सणाच्या दिवशी पिल्लूमामाला जायचं नव्हतंच. तरी तो उठणार होता. कुणी नुसतं एकदा थांब म्हटलं की तो थांबणार होता, आणि मग मनातलं सगळं किल्मिष धुऊन टाकणार होता. कुणी नाही म्हटलं, तर पुढची तयारीही होती. येताना त्यानं छत्री आणली होती. आभाळात ढग नाही, आणि हा छत्री घेऊन आला. ती त्यानं ताईच्या दाराआड उभी केली. विसरली म्हणून परत येता यावं, एवढ्यासाठी.

जेवण झालं. पाहुणे भिंतीला टेकले. पिल्लूमामानं घसा साफ केला. "मी निघतो. तुमचं चालू द्या. मशीनला सण कळत नाही."

"बरं, ये मग," ताई म्हणाली.

ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, बडीशेप चघळत होते. त्यांनी मान हलवली. बायकोनं त्याच्याकडं पाहिलंही नाही, ती भांडी आवरत होती. तो बाहेरच्या पॅसेजमध्ये बूट घालायला वाकला. गाठ मारली, सोडली. परत मारली. कान आतच होते. कुणीतरी म्हणा रे! ताई, तू तरी म्हण. परत एकदा सोडली, परत मारली. आता याहून जास्त वेळ बुटाशी झटायचं म्हणजे बरं दिसलं नसतं. तो उतरला.

खाली शिंप्याचं दुकान बंद होतं, त्याच्या पायरीवर बसला. मग वरून हशा ऐकू आला, तोच, मागच्या वर्षीचा. पिल्लूमामा उठला आणि बुटाचा आवाज न करता जिना चढायला लागला. स्वतःच्या बहिणीच्या घरी चोरासारखा! पण आता मागं फिरणं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो बोट पुढं करून बेल दाबणार तोच आतून त्याचाच आवाज आला.

"मी निघतो. तुमचं चालू द्या. मशीनला सण कळत नाही."

तेच खाकरणं, तोच कपाळावर आठी असलेला आवाज. पिल्लूमामाच्या अंगावर काटा आला. ती त्याची बायको होती.

"घड्याळ, घड्याळ राहिलं!" भाऊजी ओरडले.

"हो तर! आधी मनगटावरचं बघायचं. मग भिंतीवरचं. मग परत मनगटावरचं. दोघांवर भरवसा नाही!"

हसून हसून कुणाला तरी ठसका लागला. "आता बूट!" पोरं ओरडली. आत जमिनीवर काहीतरी सरकलं. "एक गाठ. ओढून बघायची. छे, काहीतरी गडबड आहे. सोडायची. कुणी सैल केली ही? तू? तू का रे?" आणि मग बायको स्वतःच हसायला लागली, तेच मोकळं, तोंडावर हात नसलेलं हसणं.

पिल्लूमामाला तोंडात मारल्यासारखं झालं. तर हे असं होतं. आपण यांचा खेळ होतो.

हसणं ओसरल्यावर ताई म्हणाली, "आज मात्र फार वेळ लावला गं त्यानं. मला आतून कसंतरीच झालं. म्हणणारच होते, थांब रे."

"नका म्हणू ताई," बायको म्हणाली. "लगेच विचारलं असतं, आजच का थांब म्हणतेस? मग तुम्ही बसा उत्तर देत."

"खरं सांगू का?" भाऊजींचा आवाज. "माणूस सोन्यासारखा आहे. पण तो समोर बसला की मला घास गिळवत नाही. मागं मी मीठ मागितलं, तर म्हणाला, आधी चाखलंत तरी का? तो गेला ना, की पट्टा एक भोक सैल केल्यासारखं वाटतं बघा."

कुणी 'असं नका हो म्हणू' म्हटलं नाही. बायकोसुद्धा नाही. पिल्लूमामा वाट बघत उभा होता, आणि तिचं ते न बोलणं त्याला भाऊजींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग ताईनं विचारलं, "डबा भरलास ना त्याचा?"

"कधीच. पानं वाढायच्या आधी. नाहीतर या मंडळींपुढं काय शिल्लक राहतंय?"

"आणि तो अजून उरलेलंच समजतो?"

"समजू दे. ठेवलंय म्हटलं तर चौकशी बसेल. कुणी ठेवायला सांगितलं, का सांगितलं, कुणाच्या पानातलं काढलं. उरलंय म्हटलं की तोंड वाकडं करतात, पण डबा चाटूनपुसून लख्ख."

पिल्लूमामाचं बोट बेलच्या जवळ तसंच होतं. दार ढकललं की छत्री हाताला लागली असती. पण कारखान्यात तो नव्या माणसांना एक गोष्ट दटावून सांगायचा. पिल्लं बाहेर यायला लागली की मशीनचं दार उघडायचं नाही. बघायची कितीही घाई झाली तरी नाही. उघडलंस की आतला दमटपणा गेला, पिल्लू कवचाला चिकटून वाळलं. त्यानं बोट मागं घेतलं आणि आला तसा उतरला.

रस्त्यात आधी राग आला. मी समोर बसलो की घास गिळवत नाही काय! भाऊजींना मी कधी काय म्हणालो? मग मीठ आठवलं. मग आठवलं की भाऊजींच्या नव्या चपला बघून आपण विचारलं होतं, "मापाच्या आहेत, की सेलमध्ये होत्या म्हणून घेतल्या?" ताईनं सणाला बोलावलं तेव्हा विचारलं होतं, "आणखी कोणकोण येणार आहे?" तेही दरवर्षी. बापरे, दरवर्षी! चौकात पोचेपर्यंत त्याची मान खाली गेली होती. शंका खरी निघाली होती. लोक खरंच त्याच्या जाण्याची वाट बघत होते. आणि असं करून ठेवणारा तो स्वतःच होता.

घरी जाऊन काय करणार? पाय कारखान्याकडंच वळले. जाड्यानं त्याला दारात बघितलं आणि तो फुगला. "वाटलंच! माझ्यावर विश्वास नाही ना? तपासायला आलास."

"नाही रे," पिल्लूमामा म्हणाला. "तू जा घरी. सण आहे."

जाड्या जाता जाता तीनदा वळून बघत गेला.

दिवेलागणीला बायको आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. मशीनच्या खोलीबाहेर रिकामे क्रेट होते, त्यातल्या एकावर बसली, चपला काढून पाय मोकळे केले. "छत्री विसरलात," ती म्हणाली. "तुम्ही! आणि छत्री! मला तर वाटलं, बरं नाही की काय." मग डबा पुढं केला. "उरलं होतं, आणलं."

त्यानं झाकण उघडलं. भात वरपर्यंत दाबून भरलेला, गोडाचा वाटा वेगळ्या वाटीत, त्याला आवडतो तसा भाजीचा करपलेला तळ एका बाजूला. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं, आणि त्याला दिसलं नव्हतं. उरलेलं अन्न असं रचून येतं होय कुठं?

"बरं झालं उरलं," तो म्हणाला, आणि खायला लागला.

बायको त्याच्याकडं बघत राहिली. तोंड वाकडं नाही. कोण आलं होतं, कोण काय म्हणालं, काही नाही. तिनं उठून खोलीबाहेरचा दिवा लावला आणि परत बसून त्याच्या तोंडावर नजर रोखली. "काय झालं हो? कुणी काही बोललं का?"

"नाही."

"मग असे का बसलात?"

"जेवतोय."

"जाड्या कुठाय? फाटकातला वॉचमन म्हणाला, आज त्याची पाळी होती." तिचे डोळे बारीक झाले. "म्हणजे तुम्हाला दुपारी यायचंच नव्हतं. आणि छत्री... आज कुठं होता पाऊस?"

पिल्लूमामानं घास तोंडात ठेवला आणि सावकाश चावत बसला. तिचा चेहरा उतरला. खालच्या आवाजात म्हणाली, "किती ऐकलंत?"

"घड्याळापासून."

डबा रिकामा झाला, त्यानं तो नळाखाली धुतला, पुसला, तिच्या हातात दिला. तिनं घेतला, उठली, चपला घालायला वाकली. एका चपलेचा बंद होता, तो लावला. काढला. परत लावला. बस यायची वेळ झाली होती, तिला माहीत होतं, आणि तरी ती त्या बंदाशी झटत होती.

पिल्लूमामा बघत होता. आता त्याला कळलं की वाकून बंद लावणारं माणूस पाठीमागून कसं दिसतं.

"थांब ना जरा," तो म्हणाला.

तिनं मान वर केली. "का?"

"उगाच."

"उगाच म्हणजे?" तिनं डोळे बारीक केले. "आजच का थांब म्हणताय?"

हे म्हटलं मात्र, आणि आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं. ती हसायला लागली. तोंडावर हात नेला होता, तो अर्ध्यातच राहिला. आतली मशीनं घरघरत होती तरी तिचं हसणं फाटकापर्यंत गेलं असावं, कारण वॉचमन डोकावून बघून गेला. बस आली आणि गेली. ती परत क्रेटवर बसली.