भासरा मेला ते बरंच झालं

व्हॉट्सॲपच्या टिका निळ्या झाल्या, एक नाई दोन्ही, अन् मी मोबाईलकडे अशी पाहून राह्यली होती का माही लेक बबी मांडीवरून घसरून चटईवर गेली तरी मले समजलं नाई. पाठवलेला आवाज माहाच होता. पन मी ज्या ग्रुपवर पाठवला समजून राह्यली होती तो हा ग्रुपच नव्हता. वरतं पाह्यलं त अकोल्याच्या घरचा ग्रुप. सासू, जाऊ, दोन नणंदा अन् भासरे.

भासरे म्हंजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यायच्या समोर डोक्यावरचा पदर कधी खाली पडू देल्ला नाई मी. लग्न झाल्यापासून त्यायच्याशी सरळ एक शब्द बोलली नाई, आमच्या घरात बोलतच नाई. अन् त्यायनं माहा आवाज ऐकला त काय ऐकला: "मले त त्या भासऱ्याची नियतच खराब दिसून राह्यली बाई. सोताले लेकरू नाई म्हून दुसरीच्या लेकरावर डोळा. मेला ते बरंच झालं. मी असती त मीबी लेकरू घेऊन निंगून गेली असती, मांगं वळून नसतं पाह्यलं."

अन् माह्या भासऱ्यायले लेकरू नाई.

बबी रडून राह्यली होती, तिले एका हातानं उचललं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो आवाज दाबून धरला. खाली दोन गोष्टी आल्या. 'प्रत्येकासाठी हटवा' अन् 'माझ्यासाठी हटवा'. मी नववीपर्यंत शिकली, वाचता येते मले, पन त्या टायमाले वाटलं का 'माझ्यासाठी' म्हंजे माह्यासाठी, बापा, माह्यासाठी एवढं कर, हटव. पाया पडल्यासारखं दाबलं मी ते. आवाज गेला, पन माह्या एकटीच्या मोबाईलमधून गेला. बाकी सगळ्यायच्या मोबाईलमध्ये तसाच. अन् आता मले तो काढताबी येत नव्हता, कारन मले तो दिसतच नव्हता.

तेवढ्यात सासूचा फोन. उचलला नाई. पुन्हा आला. उचलला.

"काय वं, कोनाच्या नियतीवर बोलून राह्यली तू?"

"आत्याबाई, ते तसं नाई, ते सिरेलीतलं होतं."

"सिरेलीत भासरे?"

"हो. ते जहाजवाले लोकं हायेत, बर्फातले, कुऱ्हाडी घेऊन जाते ते..."

"बर्फातल्या लोकायले भासरे म्हन्ते का कोनी? मले येडी समजतं का तू? तिकडे तुह्या भासऱ्याच्या चक्कीवर बाया दळन घेऊन उभ्या होत्या. चक्कीच्या आवाजात ऐकू येत नाई म्हून त्यानं फुल आवाजात लावलं. सगळ्यायनं ऐकलं. थो चक्की बंद करून घरी आला. जेवला नाई पोरगा माहा."

फोन ठेवला तिनं. मी नवऱ्याले लावला त लागलाच नाई. तो संत्र्याची गाडी घेऊन बंगालकडे गेला होता, तिकडे जंगलात रेंज राह्यत नाई. खोलीत मी अन् बबी, अन् वरच्या पत्र्यावर माकडं उड्या मारून राह्यले होते.

आता ते बर्फातल्या मानसाले आमी भासरा काहून म्हनत होतो ते सांगावंच लागन.

आमी अमरावतीले राह्यतो, बडनेऱ्याच्या रस्त्याले, एका खोलीत. नवरा महिन्यातून लय दिवस गाडीवर. शेजारी कॉलेजचे पोट्टे राह्यतात, त्यायच्याशी काय बोलनार. दिवसभर मी बबीसंगच बोलत होती, अन् ते आठ महिन्याची. एक दिवस दवाखान्यात तिले इंजेक्शन द्याले नेलं त लाईनीत माह्या बाजूले एक बुरख्यातली बाई बसली होती, तिचंबी लेकरू एवढंच. सासर अकोल्याचं, बाळंतपनाले अमरावतीले माहेरी आली ते अजून इथंच होती. कानात एक बोंडी घालून मोबाईल पाहून राह्यली होती. मी वाकून पाह्यलं त दुसरी बोंडी माह्या कानात घालून देल्ली तिनं. "ले, तू बी देख. अकेली क्या रोती बैठी?" मी रडत नव्हती. पन तिले तसं दिसलं असन.

तिले मी आपा म्हनत होती. तिनंच ते सिरेल माह्या मोबाईलमध्ये टाकून देल्लं, हिंदीत, अन् तिच्या वळखीच्या बायायच्या ग्रुपवर मले घेतलं. कोनी मूर्तिजापूरची, कोनी परतवाड्याची. सगळ्या हेच पाह्यत होत्या. त्या जहाजवाल्यायचे नावं अशे का जीभ मुरगळन, म्हून कोनीतरी पह्यलेच नातं लावून देल्लं. जो जहाजं घेऊन निंगून गेला अन् वापस आलाच नाई तो 'धनी'. त्याची बायको 'धाकली'. अन् मांगं गावाचा कारभार पाहनारा त्याचा मोठा भाऊ, तो 'भासरा'. आपा 'जेठ' म्हने, पन बाकीच्यायनं भासराच केलं त्याले.

सिरेलीची गोठ एवढीच. धाकलीले लहान लेकरू. धनी मेला का जित्ता कोनाले मालूम नाई. बाहेर बर्फ. भासरा त्यायले हिवाळाभर खाऊ घालते, अन् मंग एक दिवस म्हन्ते का लेकरू माह्या घरात वाढन. धाकली पहाटं लेकरू घेऊन डोंग्यात बसून निंगून जाते, पन जातांनी गावाचं फाटक उघडं राह्यते. त्या उघड्या फाटकातून दुश्मन येते, गाव जळते, भासरा मरते.

यावरून ग्रुपवर मारामारी. चांदूर रेल्वेची एक मॅडम होती, शाळेत शिकवनारी, ते भासऱ्याच्या बाजूची. ते म्हने, "बाई, त्या गावात दुसऱ्यायचे लेकरं नव्हते का? तिनं एक वाचवलं अन् किती जाळले?" आपा म्हने, "औरत सही, तरीका गलत." परतवाड्यावाली म्हने, "फाटक लावायले तिले तिसरा हात होता का?" अन् सगळ्यात जास्त भांडन त्या पाळन्यावरून. मरायच्या आधी भासरा दोन-तीन भाग लाकूड तासून तासून पाळना करते. मॅडम म्हने, "ज्याच्या मनात पाप हाय तो पाळना करन का?" मी म्हनलं, "मॅडम, पाळना कोनाच्या घरात टांगला ते पाहा ना. सोताच्याच घरात टांगला त्यानं."

लय जनीयनं शाबासकीचे अंगठे पाठवले मले. तेवढा एक दिवस वाटलं का आपलंबी कोनी ऐकून राह्यलं.

अन् मले राग काहून येत होता त्या भासऱ्याचा ते मी ग्रुपवर कोनाले सांगतलं नाई. बबी झाली तवा अकोल्यात जावेनं तिले पह्यल्यांदा घेतलं अन् खालीच ठेवेना. दूध पाजायलेबी मागून घ्यावं लागे. एक दिवस सासू म्हनली, "तू एकटी तिकडे काय करशीन, पोरगी राहू दे इकडंच, मोठीच्या मांडीवर." हासत म्हनली. सगळे हासले. मी नाई हासली. नवऱ्यानं अमरावतीत खोली केली त मीच मांगं लागली होती म्हून केली.

तर त्या दुपारी ग्रुपवर मॅडमनं पुन्हा भासऱ्याची बाजू घेतली, मी जवाब बोलून राह्यली होती, अन् तेवढ्यात जावेनं घरच्या ग्रुपवर बबीसाठी शिवलेल्या कुंचीचा फोटो टाकला. तो ग्रुप वरतं आला. माहं बोट तिकडंच पडलं. म्हंजे त्या लाल कुंचीच्या खाली माहा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवाड वाजलं. भासरे. पॅसेंजरनं आले होते. हातात थैली, भुवयांत पीठ. मी पदर घेतला अन् भिंतीले टेकली. मले वाटलं पोरगी न्यायले आले.

आमच्यात भासऱ्याले भावजयशी बोलाचं काम पडलं त तो लेकराशी बोलते. ते चटईवर बसले अन् बबीले म्हनले, "बबे, तुह्या मायले सांग, मोठीमायनं अळिवाचे लाडू देल्ले अन् कुंची देल्ली."

मोठीमाय म्हंजे माही जाऊ. मी म्हनलं, "बबे, मोठ्या बाबाले इचार, च्या ठेवू का."

"राहू दे म्हना. तुह्या मायले सांग, ते सिरेल लाव म्हना. मले पाहाचं हाय थे."

मी मोबाईल तांदळाच्या डब्याले टेकवून ठेवला, तो भाग लावला, अन् मोरीपाशी जाऊन उभी राह्यली. ते वाकून पाहून राह्यले होते, चष्मा नव्हता आनला. बबी त्यायच्या गुडघ्याले धरून उभी राह्याले पाहे, पडे, पुन्हा उभी राहे. त्यायनं एकदाबी तिले उचललं नाई. हात असा पुढं करत अन् मांगं घेत.

भासरा मेला. गाव जळलं. त्यायनं मोबाईल उलटा ठेवला.

"बबे," ते म्हनले, "तुह्या मायले सांग, थो मानूस वाईट नव्हता. त्याले बोलता नाई आलं. चोरनारा मानूस पाळना करते का?"

डिट्टो मॅडमसारखं. अन् मी, भेव वाटून राह्यला होता तरी, ग्रुपवर बोलून बोलून तोंडात बसलेलं, तेच बोलून गेली: "बबे, मोठ्या बाबाले सांग, पाळना सोताच्या घरात टांगला त्यानं."

त्यायनं चटईचा निंगालेला धागा बोटाले गुंडाळला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

मंग म्हनले, "आमीबी टांगला." बबीले म्हनले का मले म्हनले, मले समजलं नाई. "तुह्या मोठीमायनं टांगला हाय. तू अकोल्यात होती तवाचा. काढत नाई थे. सैपाक करता करता दोरी ओढते, रिकामाच हलवते. मी म्हनलं काढून टाक, त म्हन्ते राहू द्या, तुमच्या आंगाले लागून राह्यला का."

मी पदर तोंडात धरला.

"तुह्या मायले म्हना, तुहा बाबा येईपर्यंत महिनाभर बबीले दे मले. मी सोता आनून देईन. मोठीमाय जेवन सोडून बसली हाय कालपासून. थो आवाज ऐकला तवापासून."

एवढं बोलून त्यायनं पह्यल्यांदा वरतं पाह्यलं. बबीकडे नाई, माह्याकडे. म्हंजे आता मधात कोनी नव्हतं, जवाब मलेच द्यायचा होता. मी धावत जाऊन बबीले उचललं अन् म्हनलं,

"नाई."

लग्न झाल्यापासून त्यायच्याशी सरळ बोललेला पह्यला शब्द. दुसरा काई सुचलाच नाई. 'सिरेलीतलं होतं, तुमच्यावर नव्हतं', एवढंबी नाई. कारन ते खरं नव्हतं पुरं.

ते उठले. लाडवाचा डबा बाहेर काढून ठेवला, कुंची त्याच्यावर ठेवली, थैलीची घडी केली. कवाडापाशी गेले त बबीनं त्यायच्याकडे दोन्ही हात केले अन् रडली. ते थांबले नाई. चपला पायात अर्ध्याच होत्या, तसेच गेले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागला. "दादा आला होता म्हन्ते. काय म्हनला?"

"काई नाई. लाडू देऊन गेले."

"रागावला?"

"नाई."

"मंग झालं त. तुलेच लय भेव वाटते."

आपाले सांगतलं. ते म्हनली, "सही किया तूने, माँ है तू." अन् थोड्या वेळानं तिचाच आवाज आला, "लेकिन तेरी जेठानी..." अन् आवाज तिथंच तुटला. मॅडमनं ते भांडन बंद केलं, नवीन भागावर बोलून राह्यली. धाकली त्यात दुसऱ्या किनाऱ्यावर पोचली, लोकं तिले पानी देऊन राह्यले होते, अन् ग्रुपवर अर्ध्या खुश अन् अर्ध्या शिव्या देऊन राह्यल्या होत्या. मी तेवढं पाह्यलं अन् मोबाईल बंद केला. घरच्या ग्रुपवर आता कोनीच काई टाकत नाई. सन आला, तरी नाई. मले वाटते त्यायनं दुसरा ग्रुप केला असन.

एक गोठ मात्र मनातून जात नाई. महिनाभर अकोल्यात त मीबी गेली असती ना. आपल्या पायानं, बबी कडेवर घेऊन. माहं इथं कोनतं सोनं पुरलं होतं, बोलायले मानूस नाई. जावेच्या बाजूले बसून भाकरी थापल्या असत्या, बबी दोघीयच्या मधात राह्यली असती. पन ते म्हनले 'बबीले दे', 'तुही मायबी येऊ दे' असं म्हनले नाई. भासऱ्यानं भावजयले चाल म्हनावं तरी कसं. अन् मी म्हनली नाई का 'मीबी येतो', मले कोनी बोलावलंच नव्हतं त कसं म्हनू. तेवढं एक वाक्य, ना त्यायच्या तोंडातून निंगालं ना माह्या.

तुमी वाचून राह्यल्या, तुमीच सांगा. तुमी माह्या जाग्यावर असत्या अन् तो मानूस कवाडाकडे चालला असता, त तुमी देल्ली असती का पोरगी? का 'थांबा, मीबी येतो' म्हनलं असतं, बोलावनं नसतांनी?