वन्संच्या मुठी

आमच्या वन्सं माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. लग्न होऊन मी कसाऱ्याहून शहापूरला आले, माप ओलांडलं आणि पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझा पंजा उलटा करून बोटं दाबून पाहिली. "बारीक हाय गो हात," म्हणाल्या, "लाटणं धरशील. दोरी नाय ओढवायची तुला." कोणती दोरी ते मला नंतर कळलं. राग मात्र तिथल्या तिथे आला.

आमचं घर कातारी. पाळण्याचे गज, पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे असा माल ओटीवर तयार व्हायचा आणि थंडीत म्हशाच्या जत्रेला जायचा. ओटीवर कातायचा सांगाडा होता. दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा. एकाने दोरी आळीपाळीने ओढून लाकूड फिरवायचं, दुसऱ्याने पटाशी लावून ते कातायचं. हे कातायचे आणि यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, दोरी ओढायच्या. नवरा वारल्यावर मुरबाडच्या सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं होतं. तेव्हापासून ती दोरी त्यांचीच.

पण दुपारी जेवणं झाली की दोघं जागा बदलायचे. हे दोरीपाशी बसायचे आणि पटाशी वन्संच्या हातात जायची. विकायचा माल त्या करत नसत. बाईने कातलेलं लाकूड बाजारात कोण घेणार? त्या फक्त मुठी करायच्या, भावाच्या पटाशांना बसवायच्या मुठी. त्यासाठी धामणीचं नाहीतर तिवसाचं लाकूड स्वतः निवडायच्या. मूठ कातून झाली, पितळेचं कडं ठोकून झालं, की ती भावाच्या हातात द्यायच्या.

"धर. डोळे मीट. कुठं बोचतं?"

हे डोळे मिटून चाचपायचे. "करंगळीपाशी, बाय."

की पुन्हा दोरी, पुन्हा पटाशी.

बहिणीसाठी दोरी ओढणारा पुरुष म्हणून आळीतले लोक यांना हसायचे. मला हसू येत नव्हतं. मी आत भांडी घासत बसायची आणि बाहेरची घरघर ऐकायची. त्यांचं फारसं बोलणंही नसायचं, तेच जास्त टोचायचं. माझ्यासमोर हे कधी असे डोळे मिटून बसले नव्हते. दिवसभर माझ्या नवऱ्याच्या हातात दुसऱ्या बाईने घडवलेलं लाकूड. ती बाई त्यांची सख्खी बहीण आहे हे मला कळत होतं, पण तेवढ्याने हेवा कमी होत नव्हता.

एका थंडीत म्हशाच्या जत्रेत मी परक्या कातार्‍याकडून एक मूठ घेतली. लाखेचे लाल-पिवळे पट्टे होते तिच्यावर, आरशासारखी चकाकत होती. यांनी बिचाऱ्यांनी ती पटाशीला बसवली आणि दिवसभर तिच्यावरच काम केलं. संध्याकाळी भाकरी वाढताना वन्संना यांच्या तळहातावरचा फोड दिसला.

"कुनाची मूठ धरलीस रे सदू?"

हे भाकरी मोडू लागले. मीच म्हटलं, "मी आणलेली."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "रंग चांगला हाय," एवढंच म्हणाल्या आणि पुढची भाकरी थापायला गेल्या. दुसऱ्या दिवशी पटाशीला जुनी मूठ होती. माझी मूठ वन्संनी पुसून कोनाड्यात ठेवली होती, शोभेला. फेकून दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

माणूस मात्र सोन्यासारखं. माझ्या बाळंतपणात सगळं त्यांनीच केलं. तेल लावताना त्यांचा हात पाठीवरून फिरायचा आणि मी काही न सांगता दुखऱ्या जागी थांबायचा. त्यांच्या मुठी तशा का होतात ते मला तेव्हा उमगलं, आणि हेवा आणखीच वाढला.

लढाई सुरू झाली त्या सुमारास मुरबाडहून त्यांचा धाकटा दीर आला. बायको गेलेली, पोरं लहान. "वैनी, चूल थंड पडलीय. चला घरी," म्हणाला. ज्यांनी आणून सोडलं तेच आता न्यायला आले होते. हे संतापले. "बाय, तू जायचं नाय!"

"पोरांनी काय केलंय रे?" वन्सं म्हणाल्या आणि लुगडी बांधायला उठल्या. मला झालेला आनंद तोंडावर दिसू नये म्हणून मी परसात निघून गेले. त्या तिथेही आल्या. "आता दोरी तू धर," म्हणाल्या. "वढताना त्याच्याकडं बघू नको. लाकडाकडं बघ."

अशी दोरी माझ्याकडे आली. "बाय अशी नाय ओढायची," असं यांच्याकडून उठता-बसता ऐकावं लागलं. मी दात ओठ खाऊन ओढत राहिले. हळूहळू ते ऐकू येईनासं झालं. जुन्या मुठी झिजल्या, एक तडकली. एका दुपारी हे आपण होऊन दोरीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "तू कर." मी पुष्कळ लाकूड वाया घालवलं. शेवटी एक जमली.

"डोळे मिटा," मी म्हटलं. यांनी मिटले. त्या दुपारी मला जगात कोणाचाच हेवा वाटला नाही.

पुढे भातकापणी उरकल्यावर वन्सं राहायला म्हणून आल्या. ओटीवरच्या घरघरीत त्यांची चाहूल आम्हाला लागली नाही. मी मान वर केली तर दारात वन्सं, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं तसंच. हे दोरी ओढत होते, पटाशी माझ्या हातात होती. वन्संच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कितीतरी वर्षं स्वतः सोसलं होतं. मला सांगायला कोणी नको होतं.

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि माझी मूठ उचलली. अंगठा फिरवला, कडं पाहिलं, कड्याखालची मुठीची बारीक मान पाहिली. त्या खोट शोधत होत्या, आणि त्यांना ती सापडावी असं मला मनापासून वाटत होतं.

"चांगली झालीय गो," त्या म्हणाल्या. मग भावाला म्हणाल्या, "सकाळी निघते मी. म्हस दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय."

हे पाणी आणायला गेले तसं मी विचारलं, "वन्सं, रागावलात?"

"कुनावर रागावू? जागा मीच सोडून गेले ना?" त्यांनी माझ्या डोक्यावरचा भुसा झटकला. सकाळी चहा न घेताच निघाल्या.

पुढच्या पावसाळ्यात मुरबाडला तापाची साथ आली. निरोप पोचून हे तिकडे जाईपर्यंत वन्संचं सगळं उरकलं होतं. परत आल्यावर हे कितीतरी दिवस ओटीवर फिरकले नाहीत. मग एका दुपारी दोरीपाशी जाऊन बसले. मी तिवसाचा तुकडा अडकवला आणि पटाशी घेतली. हे ओढू लागले, पण नेहमीसारखे नाही. मधेच एका ठिकाणी यांचा हात क्षणभर थांबायचा. पटाशी मुठीच्या मानेपाशी आली की वन्सं तिथे पकड बदलत असणार. त्यांच्यासाठी तो हात थांबत होता. माझ्यासाठी तो असा कधी थांबला नव्हता. गेलेल्या बाईचा मला पुन्हा हेवा वाटला, पूर्वीइतकाच.

 पुढच्या खेपेला मानेपाशी आले, तेव्हा यांचा हात थांबला आणि मीही तिथे पकड बदलली.