तार काढली तरी अठ्ठ्याण्णव

मी संशयी आहे. कोथिंबिरीची जुडी सोडून बघते, आणि भाजीवाला "पक्का ताज़ी है जी" म्हणाला की पुन्हा एकदा बघते. त्यामुळे त्या दुपारी ऑफिसात आमच्या सरांनी पडद्यावरचा आकडा दाखवला, तेव्हा आनंद व्हायच्या आधीच मनात आलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

नवऱ्याच्या एअर फोर्समधल्या बदल्यांपायी मी गावोगावी नोकऱ्या सोडत आले होते. चंडीगढला एका छोट्या कंपनीत काम मिळालं, तेही कच्चं. कंपनी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होती, आणि ती नेटवर्कवरून किती वेगाने डेटा ढकलते हे मोजणं माझ्याकडे होतं. पिंजौरकडच्या एका कारखान्याला कॅमेऱ्यांची चित्रं वाहून नेण्यासाठी ती हवी होती. त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांची माणसं बघायला येणार होती. ऑर्डर मिळाली तर मी पक्की, नाहीतर घरी.

मशीनमधली नेटवर्क कार्डं होती सेकंदाला शंभर गिगाबिटची. दोन मशीनमध्ये तार जोडून मोजलं की आकडा साठीपुढे सरकत नसे. त्या दिवशी एक मशीन बंद पडलं. सरांनी दोन्ही कार्डं उरलेल्या मशीनमध्येच बसवली आणि एकातली तार दुसऱ्यात खोचली. आकडा एकदम अठ्ठ्याण्णव!

"देखा मॅडम? थोड़ी सेटिंग बदली है।"

"कौन सी?"

"बाद में, यार।" आणि त्यांनी समोसे मागवले.

सगळे खाण्यात गुंतले तेव्हा पोराचा ताप बघावा तसा मी कार्डाला हात लावला. एवढं काम करणारं कार्ड चटका देतं, हे तर कोमट होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तार उपटली.

अठ्ठ्याण्णव.

पाठवणाराही आपण आणि घेणाराही आपणच, हे मशीनने ओळखलं होतं. डेटा तारेवर गेलाच नव्हता, आतल्या आत फिरत होता. मी सरांना दाखवलं. त्यांना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, आणि मला तेच खटकलं.

"लगा दो वापस," ते हळूच म्हणाले. "कल कोई तार थोड़े ही खींचेगा।"

त्यांना आधीपासून माहीत होतं का, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या दिवशी मला राग आला आणि भीतीही वाटली. माझी नोकरी त्या खोट्या आकड्याला लटकली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पडद्यावर अठ्ठ्याण्णव बघून माना डोलवू लागले. सर माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि सगळ्यांसमोर तार काढली. आकडा हलला नाही. काय घडतंय ते मी सांगितलं.

पाहुण्यांमधल्या वयस्कर सरदारजींनी माझ्या हातातली तार स्वतःच्या हातात घेतली.

"तो असली कितना है, बेटा?"

"दो मशीनों पर साठ।"

"हमें तो चालीस ही चाहिए।"

सर मटकन खुर्चीत बसले. कारखान्याला किती हवंय हे आम्ही कुणी एकदाही विचारलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण स्वभाव कुठे जातो?

"चालीस, पक्का?" मी विचारलं.