जयंतीताईंचा दुसरा नंबर

मुलुंडच्या 'सौरभ' सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या जयंती पाळंदे यांना कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही, ही गोष्ट नळाच्या वेळेइतकी सगळ्या इमारतीला ठाऊक होती. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर तर त्या दुपारभर घरीच असत. त्यामुळे कुणाचाही पाहुणा आला, की आधी त्यांची बेल वाजे. कुरिअरची खोकी त्यांच्या दिवाणाखाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाचं विरजण त्यांच्या फ्रिजमध्ये. यजमान हयात असताना म्हणत, "तुला नाही म्हणता आलं असतं, तर आपलं लग्नच झालं नसतं." जयंतीताई यालाही नाही म्हणत नसत.

म्हणून सेक्रेटरी विद्याधर नेने यांनी नव्या यंत्रणेचा ठराव मांडला, तेव्हा पहिला हात जयंतीताईंचा वर गेला.

"फाटक, कॅमेरे, इंटरकॉम आणि लिफ्ट," नेने म्हणाले, "ही चार भावंडं आजवर वेगळ्या चुली मांडून होती. आता एकत्र कुटुंबात नांदतील."

पाहुणा आला की वॉचमन शिवदास त्या फ्लॅटचा नंबर दाबणार. पाहुण्याचा फोटो घरमालकाच्या मोबाइलवर जाणार, मग तो ऑफिसात असो की गावाला. त्याने हिरवं बटण दाबलं की फाटक उघडणार आणि लिफ्ट पाहुण्याला थेट त्या मजल्यावर नेणार. लाल दाबलं, तर फाटकही हलणार नाही आणि लिफ्टही.

"म्हणजे माझी बेल वाजायची नाही?" जयंतीताईंनी विचारलं.

"तुम्ही आता निवांत, ताई!"

जयंतीताईंनी त्याच आठवड्यात महापालिकेच्या तरणतलावात बायकांच्या दुपारच्या वर्गात नाव घातलं. पोहायला शिकायचं त्यांच्या मनात शाळेपासून होतं. आधी वडील नको म्हणाले, मग कचेरी होती, मग इमारत होती.

पण एकत्र कुटुंबात काम शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं, हे नेन्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरमालकाने फोन उचलला नाही तर कुणाला करायचा, म्हणून यंत्रणेला प्रत्येक फ्लॅटचा दुसरा नंबर हवा होता. संध्याकाळी शर्मिष्ठा खाली आली.

"ताई, तुमचा देऊ ना? नुसता नावापुरता."

"दे की."

पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरची रीटा डिमेलो जिन्यातूनच ओरडली, "अगं जयंती, तुझाच नंबर टाकलाय हां! मी शाळेत शिकवताना फोन कुठे उचलू, सांग?"

असं एकेक जण विचारून गेलं, काही न विचारताच गेले. प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच. आणि दुसरा नंबर आहेच म्हटल्यावर पहिला उचलायची निकड कुणाला राहिली नाही. पूर्वी जयंतीताईंकडे यायला निदान बेलपर्यंत चालत यावं लागे. आता सगळी इमारत त्यांच्या पर्समध्ये राहायला आली.

पहिले काही दिवस त्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसल्या आणि हिरवी बटणं दाबत राहिल्या. मग एकदा धीर करून फोन लॉकरमध्ये ठेवला आणि पाण्यात उतरल्या. नेमके तेव्हाच नेन्यांचे व्याही फाटकावर आले. पहिला नंबर नाही, दुसरा नाही, म्हणून यंत्रणेने ठरल्याप्रमाणे भोंगा वाजवला. व्याही उन्हात कानांत बोटं घालून उभे राहिले आणि शेवटी परत गेले.

सोसायटीची तातडीची सभा भरली. जयंतीताई माफी मागायला उभ्या राहिल्या, तर नेन्यांनी त्यांना बसवलं.

"तुमचा काय दोष, ताई? अडचण आमच्या लक्षात आलीय." असं म्हणून त्यांनी फुलांच्या गुच्छासोबत एक पाकीट दिलं. आत मोबाइलला पाणी लागू न देणारी, गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी होती. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. रीटा म्हणाली, "झकास! आता पोहता पोहता पण बोल."

दुसऱ्या दिवशी गळ्यात फोन बघून शिकवणाऱ्या अक्षताने कपाळावर हात मारला. "काकू, हे काय मंगळसूत्र?"

"सोसायटीचं आहे गं."

जयंतीताईंनी हात पुढे घेतले, पाय मारले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी क्षणभर, पाण्याने त्यांना धरलं. तेवढ्यात छातीशी फोन थरथरला. पाय खाली टेकले, नाकात पाणी गेलं. खोकत त्यांनी पाहिलं. पडद्यावर शर्मिष्ठाकडे फेशियल करायला येणारी बाई कॅमेऱ्यात बघून केस सारखे करत होती.

खाली दोन बटणं. लालकडे आजवर त्यांचं बोट गेलंच नव्हतं. पण समोर शर्मिष्ठा नव्हती, तिचा पडलेला चेहरा नव्हता, 'बरं, राहू दे' नव्हतं. बटणाला तोंडच नव्हतं.

जयंतीताईंनी लाल दाबलं.

तिकडे फाटकावर एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज म्हणाला, "आपला प्रवेश नाकारण्यात आला आहे."

त्या आठवड्यात रीटाचा फ्रिजवाला परत गेला आणि नेन्यांचे व्याही दुसऱ्यांदा परत गेले. जयंतीताई तलावाची रुंदी न थांबता पार करू लागल्या.

नेन्यांनी कंपनीचा माणूस बोलावला. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "सिस्टिम ओके आहे, सर. नकार दुसऱ्या नंबरवरून आलाय."

"दुसरा म्हणजे जयंतीताई?" शर्मिष्ठा हसायलाच लागली. "त्या आणि नकार?"

"मशीन खोटं बोलतंय," रीटाने निकाल दिला. "बिचारीवर आळ घेतंय!"

जयंतीताईंच्या अब्रूखातर त्यांचा नंबर सगळीकडून काढायचं एकमताने ठरलं. त्या जागी नेन्यांचा घातला. हे सांगायला नेने स्वतः आले. जयंतीताई पिशवीत टॉवेल भरत होत्या. त्यांना राहवेना.

"नेने, मशीन खरं बोलतंय. ती लाल बटणं मीच दाबली."

नेन्यांनी हात जोडले. "बघा! मशीनचाही दोष तुम्ही अंगावर घेताय." तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी हिरवं दाबलं. पुन्हा वाजला, पुन्हा दाबलं. मग ओशाळं हसून ते म्हणाले, "ताई, उद्या मला सांताक्रूझला मुलीकडे जायचंय. एकच दिवस तुमचा नंबर घालू?"

"नाही," जयंतीताई म्हणाल्या.

नेने पुढच्या वाक्यासाठी थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. फोन वाजत होता, आणि ते तो न उचलता जयंतीताईंकडे बघत राहिले.

"जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या, "मला कुलूप लावायचंय. वर्ग सुरू झाला असेल."