न तडकणारी चूल

दौंडला आमच्या आळीत सगळ्यांच्या चुली तडकायच्या, माझी नाही. पावसाळा सरला की बायका माती कालवायच्या, शेण-भुसा घालायच्या, भेगा लिंपत बसायच्या. मी आपली उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत गंमत बघायची. शेजारची म्हणायची, तुमचं काय बाई, तुमच्या घरात कारागीर हाय.

कारागीर म्हणजे आमचे मालक. ते एका ठेकेदाराकडं कामाला होते. बॉयलरचे मोठमोठे पाइप असतात ना, त्यांची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून वरनं लेप द्यायचा, हे काम. गोणीत पांढुरकी भुकटी यायची. ती घमेल्यात पाण्यात कालवायची, हातानं पाइपावर थापायची, वाळली की वरनं कापड गुंडाळायचं. जुना लेप मात्र हातोडीनं ठोकून काढावा लागायचा, आणि ते काम आमच्या मालकांच्या वाट्याला जास्त. घरी आले की भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे. आळीतल्या बायका मला विचारायच्या, दळण किती झालं गं आज? मी हसायची, त्यांचा सदरा दारातच आपटायची आणि मग धुवायला घ्यायची.

उरलासुरला गारा हे डब्यातून घरी आणायचे. त्यांच्याबरोबरचे सगळेच आणायचे, कारण घरोघरच्या बायकांनीच मागणी लावलेली. त्या गाऱ्यानं चूल लिंपली की कितीही इस्तव घाला, भेग म्हणून पडत नाही. शेजारणीलाही मीच वाडगाभर दिला होता.

खोकला कधी लागला ते सांगता येत नाही. कोरडा होता, कफ नाही, काही नाही. पहिली खूण दिसली ती स्टेशनच्या पुलावर, पण मला ती उमगली नाही. पलीकडं बाजाराला जाताना हे जिन्यात मधेच थांबायचे आणि कठड्याला टेकून गाड्या बघायचे. मला वाटायचं, माणसाला ह्या वयात गाड्यांचं काय येड! मी पिशव्या घेऊन पुढं जायची, वर उभी राहून हाका मारायची. दम लागतो असं त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही.

मग वजन उतरलं, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढला, फोटोत डाग दिसले. त्या काळी खोकला आणि फोटोत डाग म्हटलं की एकच नाव, क्षय. डॉक्टरांना तरी काय बोल लावायचा, समोर येणाऱ्या दहातल्या नवांना तोच असायचा. इंजेक्शनं सुरू झाली. वर एक भुकटीचं औषध, इतकं कडू की हे घेताना डोळे मिटायचे.

घरात ताट-तांब्या वेगळा झाला. अंथरूण दाराकडं गेलं. आणि आमची पोरगी, चार वर्षांची, तिला शिरूरला माझ्या आईकडं ठेवायचं ठरलं. एकुलती एकच होती. बापाच्या ताटात जेवायची सवय, त्यांच्या हातचा घास असल्याशिवाय पोट भरायचं नाही तिचं. आई तिला एस.टी.त घेऊन बसली, तेव्हा पोरगी खिडकीतनं बापालाच विचारत होती, तुम्ही कवा येनार?

आम्ही जायचो अधूनमधून. आईच्या घराबाहेर कट्टा होता, हे तिथंच बसायचे. खाऊ आणलेला असायचा, तो उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचे. पोरीला आईनं शिकवून ठेवलेलं, बाबांच्या जवळ जायचं नाही, ते आजारी हायत. पहिल्यांदा रडली. पुढं इतकी शहाणी झाली की आम्ही दिसलो की तीच दारात हात आडवा धरून म्हणायची, "बाबा, तितंच बसा हं." मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटायचं. परतीच्या एस.टी.त दोघांच्याही मनात एकच, ही पोर आपल्या घरी परत कधी येणार.

औषधाचा सगळा कोर्स झाला. खोकला होता तसाच. बेडका किती वेळा तपासला, त्यात कधी काही निघालं नाही. शेवटी दौंडचे डॉक्टर आपणहून म्हणाले, मला हे पटंना झालंय, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा.

सकाळच्या शटलनं निघालो. गाडीत ह्यांनी मला बजावलं, तिथं मोठी माणसं असतात, तू गप बस, इचारलं तेवढंच मी सांगीन. माझ्या तोंडाची त्यांना लग्नापासून धास्ती.

पुण्याचे डॉक्टर वयस्कर होते, घाई नव्हती त्यांना. आधी ह्यांची नखं बघितली, बोटांची टोकं दाबून बघितली. मग पाठीला खाली, बरगड्यांच्या बुडाशी नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, क्षय बहुतेक वर असतो, हे सगळं खाली आहे, दोन्हीकडं. काम काय करता?

हे म्हणाले, बॉयलरवर. डॉक्टरांनी विचारलं, कोळसा भरता का? न्हाई, पायपांना लेप देतो. कसला लेप? पांढरी माती असती साहेब. डॉक्टर म्हणाले, चुना?

आता मात्र मला राहवलं नाही. माझ्या चुलीला चुना म्हणतो म्हणजे काय. मी म्हटलं, "चुना न्हाई ओ डॉक्टर. चुन्याची चूल टिकंल का? लई गुणाची माती हाय ती. माझी चूल किती वर्सं झाली, एक भेग न्हाई. आन् नखानं खरवडलं तर कापसावानी बारीक तंतू निघत्यात."

ह्यांनी टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिला. पण डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला, खुर्ची माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बोला. मला सगळं सांगा."

अशी परवानगी मला जन्मात कोणी दिली नव्हती. मी गोण्या सांगितल्या, हातोडी सांगितली, पांढऱ्या भुवया, दारात आपटलेला सदरा, पुलावरच्या गाड्यासुद्धा सांगितल्या. सांगता सांगता माझं मलाच कळलं की हे गाड्या बघत नव्हते. मी ह्यांच्याकडं बघितलं तर ह्यांनी मान खाली घातलेली.

लगेच निकाल दिला नाही त्यांनी. परत बेडका घेतला, एका यंत्रात फुंकायला लावलं, आणि ती माती डबीत ओली करून, झाकण घट्ट लावून आणायला सांगितली. पुढच्या खेपेला आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. ती माती नव्हे, तो अॅसबेस्टॉस. त्याचे तंतू इतके बारीक की श्वासातनं आत जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. आत वण धरतात, मग फुप्फुस फुगायचं तसं फुगत नाही. क्षय नव्हताच.

मी एवढंच विचारलं, "दुसऱ्याला लागतं का हे?"

"नाही. माणसापासून माणसाला लागत नाही."

"पोरगी शिरूरला ठेवलीय. आणू?"

"खुशाल आणा," डॉक्टर म्हणाले. "पण आधी ती चूल काढा."

ह्यांनी विचारलं, मी बरा होईन का? डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. वण झालेत ते जाणार नाहीत, त्यांना औषध नाही. ते काम आजपासून बंद, बिडी बंद, साधी सर्दी झाली तरी अंगावर काढायची नाही, आणि दरवर्षी फोटो दाखवायला यायचं. वाढू नये एवढं आपण बघू. माझ्याही छातीला नळी लावली त्यांनी, फोटो काढला. काही निघालं नाही.

आता न बरं होणारं दुखणं ऐकून कोणी खूश होतं का? आम्ही झालो. शटलमध्ये मी भाकरीचं फडकं सोडलं आणि दोघं त्या एकाच फडक्यातनं खायला लागलो. कितीतरी दिवसांनी. हे म्हणाले, "लई बोललीस." मी म्हटलं, व्हय. मग खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "बरं झालं."

चूल काढायची रीत डॉक्टरांनीच सांगितलेली. कोरडी फोडायची नाही. सकाळपासून मी तिच्यावर कळशीनं पाणी ओतत होते. पार भिजली तेव्हा नाकातोंडाला ओलं फडकं बांधून ढेकळं काढली, ओल्या गोणीत भरली, ह्यांचे कामाचे कपडेही त्यातच कोंबले आणि लांब खोल खड्डा करून पुरलं. झाडू लावायचा नाही, सगळी जमीन ओल्या फडक्यानं पुसायची. ह्यांना आळीच्या टोकाला बसवून ठेवलं होतं. शेजारीण बघत होती. तिला सगळं समजावलं तर म्हणाली, "म्हंजी आता तुझ्यामुळं मला परत भेगा लिंपायच्या आल्या." पण दुपारी कळशी घेऊन तीच आली, माझी चूल भिजवू लाग म्हणून. ह्यांच्याबरोबरच्या माणसांनाही हे घरोघर जाऊन सांगून आले. काहींनी ऐकलं, काही हसले.

ठेकेदाराकडं दुसरं काम नव्हतं. मग ओळखीच्या एका सायकलच्या दुकानात हे बसायला लागले, पंक्चर काढायचं काम. पंप मारून हवा मात्र गिऱ्हाइकानं स्वतः भरायची, असा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी लावून टाकला.

पण दुकानात बसायच्या आधी, चूल निघाल्या निघाल्या, आम्ही शिरूरला गेलो. सवयीनं हे कट्ट्यावरच बसले. पोरगी दारात आली, हात आडवा धरला. मी म्हटलं, जा गं बाबांकडं, आता चालतंय. तिनं आजीकडं बघितलं. आजीनं मान हलवली तरी ती हलेना, आणि हेही उठेनात. मग आईनंच भाकरी-कालवणाचं ताट आणून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. पोरगी हळूहळू कट्ट्याजवळ आली, ताटाकडं बघत राहिली, आणि विचारलं, "माजं कुटंय?" हे म्हणाले, "हेच की." आणि घास करून तिच्या तोंडाशी धरला.

जेवणं झाल्यावर दौंडची एस.टी. धरायला निघालो. त्यांनी तिला कडेवर घेतलं, नको म्हटलं तरी. वाटेत जिथनं नदी दिसते तिथं थांबले, तिला खाली उतरवलं आणि नदी बघायला लागले. तीपण त्यांचं बोट धरून नदी बघत उभी राहिली. स्टँडवर आमची गाडी लागलेली मला लांबनं दिसत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून नदी बघू लागले. गाडी काय, मागनं दुसरी आलीच असती.